सुया वेचायची पाळी

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. वस्तीत तिला सगळे तोफ म्हणायचे. गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी वर्गात नुसतं "हजर" म्हणताना लालबुंद व्हायची, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. वक्तृत्व स्पर्धेत ती राखीव होती, म्हणजे भाषण पाठ करायचं आणि गप्प बसायचं. पण ऐन सकाळी ठरलेल्या मुलीचा घसा बसला, बाईंनी हिला पुढं ढकललं, आणि माइकसमोर हिच्या तोंडून जे काही सुटलं ते ऐकून परीक्षकांनी हातातली पेनं खाली ठेवली.

त्या दिवसापासून तोफ थंड म्हणून झालीच नाही. साबणाची वडी आणायला पाठवलं तरी दुकानदाराला आधी प्रस्तावना ऐकावी लागायची. तिचे बाबा नळदुरुस्तीची कामं करायचे. ते म्हणायचे, "जगातला कुठलाही नळ मी बंद करून दाखवीन. हा एक सोडून."

तोफेला हे कौतुकच वाटायचं. वाटणारच! इतकी वर्षं मुकाट बसलेल्या माणसाला एकदाचा स्वतःचा आवाज सापडला, तर तो काय खिशात घालून फिरणार?

पण तो सापडला कुठं, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तो सापडला दुसऱ्या मजल्यावर, शिवणवाल्या मावशीच्या टेबलाशी.

ही मावशी नात्याने कुणाचीच नव्हती, पण अख्खी इमारत तिला मावशीच म्हणायची. कपड्यांच्या एका कारखान्यासाठी ती घरी बसून शर्टाच्या कॉलरी शिवायची. तिची खोली एकच. तिच्यात एक शिलाई मशीन, एक कॉट, आणि उरलेल्या जागेत टेबलच टेबल. कारखान्यातून मोडीत निघालेलं, कापड बेतायचं लांबलचक टेबल मावशीने हमालांना चहा पाजून वर चढवून घेतलं होतं. दुपार कलली की ती कॉलरींचे गठ्ठे कॉटखाली सारायची, टेबलावर मेणकापड अंथरायची आणि दार सताड उघडायची. मग शाळेतून आलेली पोरं आत. कुणाच्या घरी पाळण्यातलं बाळ किंचाळत असायचं, कुणाच्या घरी रात्रपाळीचे वडील झोपलेले असायचे, आणि कुणाच्या घरी पुस्तक उघडून ठेवायलासुद्धा जागा नसायची. मावशी शिकवायची वगैरे नाही. ती फक्त जागा द्यायची, आणि भांडलात तर कान धरायची.

अट एकच. बसायच्या आधी सुयावेच.

म्हणजे असं, की फुटक्या लाउडस्पीकरमधून निघालेलं एक जाडजूड लोहचुंबक मावशीने दोरीला बांधून खुंटीला टांगलं होतं. ज्याची पाळी असेल त्याने ते चिंध्यांवरून, फरशीवरून, टेबलाच्या पायांमधून फिरवायचं. खट खट करत टाचण्या येऊन चिकटायच्या, मधूनच एखादी मोडकी सुई. त्या सगळ्या डबीत टाकायच्या आणि मगच बाकीच्यांनी आत पाय ठेवायचा. पाळी कुणाला चुकायची नाही. तोफ बक्षिसाचा कप घेऊन नाचत नाचत वर आली, तेव्हा मावशीने तो कप उलटासुलटा करून पाहिला, "झकास" म्हणाली, मशीनवर ठेवला, आणि खुंटीकडे बोट दाखवलं. "आज सुयावेच तुझी."

ते भाषणही याच टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात पाठ झालं होतं. "पुटपुटतेस काय?" मावशी म्हणायची. "माझ्या मशीनवरून आवाज आला पाहिजे." आणि मुद्दाम मशीन चालू करायची. घर्रर्र! तोफ मशीनवर ओरडायला शिकली. आणि ज्याला त्या मशीनवर ओरडता येतं, त्याला माइकची कसली आलीये भीती!

तर मुद्दा असा की टेबलाला कडा किती असणार? वस्तीतली पोरं वाढत चालली होती. काही आत बसायची, काही बाहेर उभी राहून "उठ ना, झालं ना तुझं" करायची. मावशीचे डोळेही आताशा कुरकुर करत होते. पांढऱ्या कॉलरीवर पांढरा दोरा तिला दिसेनासा झाला होता. अशात सरकारने जाहीर केलं, की मागे पडलेल्या वस्त्यांना सामाईक कामांसाठी निधी मिळणार, तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच सांगा. इमारतीच्या समितीने सांगितलं, की तळमजल्यावर कुलूप पडलेली गोदामाची खोली आहे, तिची अभ्यासिका करून द्या. टेबलं, दिवे, पंखे आणि देखरेखीला एक पगारी माणूस.

ते माणूस म्हणजे मावशी, यावर इमारतीत पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. मावशी वरवर "बघू, बघू" करायची. पण कारखान्याचा माणूस पुढच्या हंगामाचं विचारायला आला, तेव्हा तिने त्याला सांगून टाकलं, "आत्ताच काही धरू नका माझं."

पाहणीचा दिवस ठरला आणि समितीच्या अध्यक्षांनी अंगणात सभा घेतली. अध्यक्षांचं रंगाचं दुकान. नखांत कायम कुठला ना कुठला रंग अडकलेला, म्हणून ते रंगकाका.

"नीट कान देऊन ऐका," रंगकाका म्हणाले. "आपण गरीब आहोत."

"हे सांगायला सभा?" तळमजल्यावरचे केशकर्तनवाले म्हणाले.

"आहोत हो, पण दिसत नाही! तेच तर दुखणं आहे. तुमच्या दुकानात तो नवा आरसा. ह्यांच्या गॅलरीत फुलझाडं. त्या वहिनींकडे तो हत्तीएवढा फ्रिज. भरल्या ताटात कुणी वाढतं का? पाहणी होईपर्यंत सगळं झाका, लपवा, काय वाटेल ते करा."

लोक हसले. पण हसता हसता ज्याने त्याने मनात आपापल्या घरात काय काय लपवावं लागेल याचा अंदाज घेतलाच. तेवढ्यात मागून मावशी म्हणाली, "माझ्या खोलीचं काय झाकायचं म्हणता?"

रंगकाकांनी नखं खरवडली. "मावशी, रागावू नका. पण अडचण तुमच्याच खोलीची आहे. पोरं टेबलाशी मजेत बसलेली दिसली, तर ते म्हणतील यांना अभ्यासिका आहे की! कशाला हवी दुसरी? तेव्हा त्या दिवशी दार लावून घ्या. तुम्ही बाहेर दिसलात तरी चालेल, खोली दिसायला नको."

"पाहुणे येणार म्हणून मी दार लावून बसू?" मावशी म्हणाली. "मला नाही जमायचं ते."

"मग आम्ही त्यांना त्या बाजूने आणतच नाही," रंगकाका म्हणाले आणि तोफेकडे वळले. "पाहुण्यांना फिरवायचं काम तुझं. तुझ्यासारखं बोलणारं आहे कोण आपल्यात? डाव्या जिन्याने वर, डाव्यानेच खाली. उजव्या जिन्याचं नाव काढायचं नाही."

तोफेने मान हलवली. छाती अशी फुगली, की मावशी आपल्याकडे बघतेय हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढचे दिवस धमाल होती. केशकर्तनवाल्यांनी आरसा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि दोन गिऱ्हाइकांचे कल्ले वरखाली कापले. फुलझाडं गच्चीवर गेली. वहिनींनी फ्रिजवर चादर टाकून त्याच्यापुढे खाट उभी केली, आणि मग तीन दिवस दूध कुठं ठेवायचं म्हणून सगळ्यांवर डाफरत बसल्या.

फक्त बाबा अडून बसले. अंगणातला सामाईक नळ वर्षानुवर्षं गळत होता. बाबांनी नुकताच तो खोलून, साफ करून, नवा वायसर घालून असा बसवला होता, की थेंब नाही. रंगकाका म्हणाले, "तेवढा पुन्हा गळता करा."

"मी बसवलेला नळ गळत नाही," बाबा म्हणाले.

"एक दिवस हो!"

"एक दिवस नाही आणि एक तास नाही."

मग तोफ पुढं झाली. "बाबा, प्रश्न एका नळाचा नाही," तिने सुरुवात केली, आणि वस्तीतल्या मुलांचं भवितव्य, अंधार, उजेड, त्याग असं करत करत ती अशी काही बोलली, की चादरवाल्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून पाना काढला, नळापाशी बसले आणि अर्धा आटा सैल केला. टप. टप. उठून घरात गेले ते नळाकडे वळूनही न बघता. तोफेला वाटलं, जिंकले!

पाहणीला आल्या त्या मॅडमच्या पायात कॅनव्हासचे बूट होते आणि नाक सर्दीने लाल झालं होतं. सोबत फोटो काढणारा एक मदतनीस. दोघं साधे होते. रंगकाकांनी पुढं केलेली खुर्ची मॅडमनी नको म्हटली आणि तोफेला म्हणाल्या, "चल, तू दाखव."

आणि तोफेने दाखवलं! गळका नळ दाखवला. मुद्दाम ट्यूब काढून ठेवलेल्या बोळातला काळोख दाखवला. डाव्या जिन्याने वर नेलं, खाली आणलं. गोदामाच्या कुलपासमोर उभी राहून इथं काय काय होऊ शकेल ते सांगितलं. तोंडात साखर आणि बोलण्यात ठसका. मदतनीस फोटो काढायचं विसरून ऐकत होता.

"मग आत्ता मुलं अभ्यास कुठं करतात?" मॅडमनी विचारलं.

"जिन्यात, मॅडम," तोफ म्हणाली. "पायरीचं टेबल आणि पायरीचीच खुर्ची."

वाक्य कसलं जमलं होतं! तिचं तिलाच आवडलं. रंगकाकांनी मागून अंगठा वर केला. मॅडमनी रुमालाने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "कुठल्या जिन्यात? हा पलीकडचा कुठं जातो?" आणि उत्तराची वाट न बघता त्या उजव्या जिन्याच्या चार पायऱ्या चढूनही गेल्या. कॅनव्हासच्या बुटांचा आवाज येत नाही, तो असा.

तोफ मागोमाग धावली. दुसऱ्या मजल्यावर मावशीचं दार सताड उघडं होतं.

सकाळची वेळ. या वेळेला टेबलावर कॉलरींचा डोंगर असायचा. आज तो नव्हता. मेणकापड पुसून चकचकीत केलेलं होतं. लहान पोरांची बुटकी स्टुलं ओळीने लावली होती. मावशी इस्त्रीच्या कपड्यांत दारात उभी होती आणि तिच्या हातात ते लोहचुंबक होतं, टाचण्यांनी भरलेलं. आज तोफ सोडून बाकी पोरं शाळेत, म्हणून सुयावेच तिने स्वतःच केली होती. तोफेला बघून ती हसली. आपलं माणूस पाहुणे घेऊन आलं की माणूस हसतं, तशी.

"किती मोठं टेबल!" मॅडम म्हणाल्या. "ही खोली कसली हो?"

मावशीने तोंड उघडलं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, तोफ केव्हाची भरलेली होती.

"हा शिवणाचा कारखाना आहे, मॅडम," ती म्हणाली. खणखणीत. "इथं मुलांना येऊ देत नाहीत."

म्हणून झालं आणि मग तिला ते ऐकू आलं.

बस, एवढंच. वाक्य चांगलं होतं. आखूड, ठाशीव, मशीनवरूनसुद्धा ऐकू गेलं असतं असं. मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आता जायचंय हे त्याला कुणी सांगायचंच विसरावं तसं ते थोडा वेळ तिथंच राहिलं. मॅडमनी मावशीकडे वळून जरा कडकच विचारलं, "का हो? एवढी जागा आहे. मुलांना का येऊ देत नाही?"

आता मावशी सांगणार. आता सगळं संपणार. मावशीने तोफेकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतं पाहिलं. मग हातातल्या लोहचुंबकाकडे पाहिलं.

"सुया असतात," मावशी म्हणाली. "टोचतात मुलांना."

मॅडमची नजर बुटक्या स्टुलांवरून फिरली. मदतनिसाने फोटो काढला. सगळे खाली उतरले. तोफ सगळ्यात शेवटी उतरली, आणि उतरताना कठड्याला इतकी चिकटून उतरली, की अंगावर चुन्याचा पट्टा उठला.

"कमाल केलीस!" पाहुणे गेल्यावर रंगकाका म्हणाले. "हरलेली बाजी फिरवलीस पोरी!" वहिनींनी फ्रिजवरची चादर ओढून काढली. केशकर्तनवाले आरशाला "ये बाबा, सरळ हो" म्हणाले. अंगणात बाबा पाना घेऊन नळापाशी बसले होते. आटा घट्ट केल्यावर त्यांनी नळाचं तोंड बोटाने पुसलं आणि बराच वेळ थेंब येतोय का ते बघत बसले. त्यांना सगळं कळलं होतं. इमारतीत भिंती कसल्या, पडदेच. ते एवढंच म्हणाले, "माझा नळ मला पुन्हा आवळता आला बघ."

तोफ घरात गेली आणि तोंड धुवत बसली. कितीदा धुवायचं तोंड?

संध्याकाळी मावशीचं दार नेहमीसारखं उघडं. पोरं नेहमीसारखी आत. तोफेचं पाऊल उंबऱ्यापर्यंत गेलं आणि परत आलं. आज डोकं दुखतंय, ती स्वतःलाच म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज अभ्यासच कमी आहे. मग थापा संपल्या. घरात धाकट्या भावंडांनी धिंगाणा घातलेला, पुस्तक उघडायला जागा नाही. शेवटी ती पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसली. मावशीच्या दारातून येणारा उजेड पायरीच्या अर्ध्यापर्यंत पडायचा, तेवढ्यात. पायरीचं टेबल, पायरीचीच खुर्ची. पायऱ्या थंडगार असतात आणि पाठीला कुठंच टेकायला मिळत नाही, हे भाषणात सांगायचं राहूनच गेलं होतं. अख्ख्या इमारतीत जिन्यात बसून अभ्यास करणारी ती एकटीच होती.

मावशी तिला बोलवायची नाही आणि हाकलायचीही नाही. मावशी पाणी भरायला खाली निघाली की तोफ पाय आवरून घ्यायची, मावशी बादली सांभाळत निघून जायची. एकदा फक्त म्हणाली, "डोळे बिघडतील."

माफी मागायची असं तोफेने रोज ठरवलं. पाठसुद्धा केली. पण ती माफी भाषणासारखीच व्हायला लागली. सुरुवात, मधे एक दाखला, शेवटी जोरदार वाक्य. एके दिवशी पायरीवर बसून पुटपुटताना तिला वाटलं, आपण हे म्हणू आणि मावशी टाळ्या वाजवेल. ते इतकं किळसवाणं वाटलं, की तिने पाठ करणंच सोडून दिलं.

निकाल सांगायला सगळ्या वस्त्यांच्या लोकांना निधीच्या कार्यालयाच्या सभागृहात बोलावलं होतं. रंगकाका नखं घासून आले होते. मावशी मागच्या रांगेत, तेच इस्त्रीचे कपडे. मॅडमची सर्दी बरी झाली होती. त्यांनी जाहीर केलं, की अभ्यासिकेचा निधी कालव्यापलीकडच्या वस्तीला मिळतोय.

रंगकाका ताडकन उठले. "मॅडम, त्यांच्यापेक्षा आमची अवस्था वाईट आहे! तुम्ही स्वतः बघितलीत!"

"बघितली ना," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे एक आजोबा गाडी ठेवायच्या शेडमध्ये रोज मुलांना बसवतात. मोडकी बाकं आहेत, पण चालू आहे. लोकांनी आपणहून जे सुरू केलंय, त्याला हा निधी हात देतो. तुमच्याकडे खोली बांधून दिली तर उघडणार कोण? तुमच्याकडे तर ज्यांच्याजवळ जागा आहे, त्याही मुलांना येऊ देत नाहीत."

सभागृहात कुणीतरी चुकचुकलं. मावशीच्या शेजारच्या अनोळखी बाईने वळून मावशीकडे पाहिलं. मावशी समोर बघत होती.

केशकर्तनवाले हळूच म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

तोफ उठली. कशी उठली तिला कळलं नाही. समोर माइक नव्हता. "मॅडम, येतात," ती म्हणाली. "मुलं येतात मावशीकडे. रोज. मी पण तिथंच… मी खोटं बोलले होते."

आवाज एवढासा. मागच्यांना ऐकूसुद्धा गेला नाही. "काय म्हणतेय?" "कोण?" "ती बोलणारी पोरगी."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मला ती छोटी स्टुलं दिसली होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बाईंना पुन्हा विचारलं. तुम्ही दोघींनी एकच सांगितलंत. आता निकाल लागल्यावर तू वेगळं सांगतेस. मी कशावर विश्वास ठेवू, सांग बरं?" त्यांनी मावशीकडे वळून विचारलं, "काय हो बाई? खरं काय?"

"मुलं येतात," मावशी बसल्या जागेवरूनच म्हणाली.

"मग त्या दिवशी तसं का नाही सांगितलंत?"

तोफ जीव मुठीत धरून उभी. सांग ना, सांगून टाक, त्या पोरीने मला तोंडघशी पाडलं म्हणून सांग.

"त्या दिवशी सुया होत्या," मावशी म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करा, मी स्वतः येईन, आणि काही न झाकता दाखवा, असं त्या म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर तोफेला निदान त्यांच्यावर तरी रागावता आलं असतं.

सगळे परत निघाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढं बाबा स्वतःशी पुटपुटले. रंगकाका तोफेची नजर चुकवत होते आणि तोफ सगळ्यांची. वाटेत कपड्यांचा कारखाना लागला. मावशी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं." तोफेने वळून पाहिलं. फाटकातल्या माणसाशी मावशी काहीतरी बोलत होती, तो मान हलवत होता. मग तो आत गेला आणि कॉलरींचा गठ्ठा घेऊन बाहेर आला. मावशीने तो दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. मोठा होता. पुढचा हंगाम.

त्या संध्याकाळी तोफ पुन्हा पायरीवर. आतून पोरांचा कलकलाट येत होता आणि मशीनचा आवाज. आत्तापर्यंत मावशी पोरांच्या वेळात मशीन चालवत नसे. आता चालवावं लागणार होतं. मग मशीन थांबलं आणि मावशीने नेहमीसारखी हाक दिली, "आज सुयावेच कुणाची?"

पोरांनी दाराकडे पाहिलं.

"तिची," कुणीतरी म्हणालं. ती तळमजल्यावरची पिटुकली होती, टेबलाशी नुकतीच बसायला लागलेली. "बाहेरच्या ताईची. तिची पाळी आली की मावशीच वेचते. असं कसं? माझ्या पाळीला तर मलाच वेचायला लावते!"

म्हणजे या सगळ्या दिवसांत तिची पाळी चुकलीच नव्हती. मावशी गुडघे टेकून, पांढऱ्यावर पांढरं न दिसणाऱ्या डोळ्यांनी, तिच्या वाटच्या टाचण्या वेचत होती.

तोफेने पुस्तक मिटलं. उठली. उंबऱ्यातून आत जाताना सगळ्या पोरांची तोंडं तिच्याकडे वळली, आणि तिचे कान असे तापले, की त्यांच्यावर इस्त्री करता आली असती. तिने खुंटीवरून लोहचुंबक काढलं. मावशी मशीनवर बसली, नवा गठ्ठा सोडला आणि पायडल मारलं. घर्रर्र.

तोफ गुडघ्यांवर बसली. चिंध्यांवरून चुंबक फिरवलं. खट. खट. दाराजवळ आली. इथंच उभी राहून ती बोलली होती. तिथंही एक टाचणी होतीच.

"मावशी," ती खालूनच म्हणाली, "चुकलं माझं."

"ऐकू येत नाही," मावशी म्हणाली. मान वर न करता. मशीन चालूच.

"चुकलं माझं."

"पुटपुटतेस काय? मशीनवरून आवाज आला पाहिजे."

पोरं श्वास रोखून बघत होती. दार सताड उघडं होतं. जिन्यात, बोळात, खाली अंगणात सगळे होते. रंगकाका होते, बाबा होते. तोफ उभी राहिली. ना प्रस्तावना सुचली, ना दाखला, ना शेवटचं वाक्य. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि नाकातूनही, त्या मॅडमसारखं लाल नाक.

"मी खोटं बोलले!" ती ओरडली. "तू आम्हाला येऊ देतेस! रोज येऊ देतेस! मी तुझ्याबद्दल खोटं बोलले!"

आवाज मध्येच फाटला. बक्षीस सोडा, उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नसतं असं भाषण. पण ते मशीनवरून गेलं. अंगणात गेलं. खाली कुणाच्या तरी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

मावशीने कॉलर वळवली, टोक बोटाने चाचपून बघितलं, आणि दुसरी बाजू सुईखाली घेतली. मशीन काही तिने थांबवलं नाही.

"टेबलाखाली राहिल्यात अजून," ती म्हणाली.

तोफ बाहीला नाक पुसत पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली शिरली.